तिऱ्हाइताच्या ओट्यावर

मोठी रक्कम परगावी द्यायची झाली, की बार्शीत ती स्वतः गाडीत बसून जाते. विकणाऱ्याच्या घरी मात्र उतरत नाही. त्याच गावातल्या एखाद्या तिऱ्हाइताच्या ओट्यावर मुक्काम करते. विकणाऱ्याच्या घरचा घोटभर चहा घेतला तरी ती त्याची झाली, म्हणून चहासुद्धा घेत नाही. इकडे घेणाऱ्यानं माल वापरून "पावलं" असं फोनवर सांगितलं, की पदर सावरून विकणाऱ्याच्या घरी जाते. "नाही पावलं" म्हटलं, तर माल परत जातो आणि रक्कम घरी येते.

मथुराबाई ढगे यांची रक्कम आयुष्यभर ब्लाउज शिवून वाढवलेली होती. ती त्यांनी बँकेत फारशी ठेवली नव्हती. सोबत असावी म्हणून घरातच असे. ग्वाल्हेरच्या तेलंगांकडे स्पूलचा जुना टेपरेकॉर्डर विकायला निघाला होता. मथुराबाईंच्या ट्रंकेत एक फीत होती आणि त्या फितीवर त्यांची धाकटी बहीण इंदू गात होती. इंदू जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचा आवाज उरला होता तो तेवढाच, आणि तो वाजवणारं यंत्र अख्ख्या तालुक्यात कुणाकडे नव्हतं.

"मावशी, मोबाईलवरून टाका की," शेजारची निर्मला म्हणाली. "बोट लावलं की गेली."

"गेली, तेच म्हणते मी. कुणाच्या घरात शिरली ते तुझं बोट सांगणार आहे का मला?"

स्टँडवर त्यांनी रकमेला खिडकीजवळ बसवलं आणि दशम्यांचं फडकं मांडीवर दिलं.

"तो तेलंग गोड बोलेल. मान हलवायची, उठायचं नाही."

"आणि चहाच घेऊन आला तर?"

"पित्त होतं म्हणून सांग."

"बाई, मला आवडलं नाही तिथं तर?"

"तुला तिथंच नांदायचंय," मथुराबाई म्हणाल्या आणि कंडक्टरला ओरडल्या, की गाडी हलवायला मुहूर्त बघताय का.

ग्वाल्हेरात एका चतुर्वेदी आजींच्या ओट्यावर रक्कम उतरली. तेलंग रोज सकाळी किटली घेऊन यायचे. शेवटी त्यांनी मथुराबाईंना फोन केला. "बाई, तुमची रक्कम भारी करारी आहे. माझ्याकडे बघतसुद्धा नाही."

"माझ्या घरात वाढलीय. तुम्ही यंत्र पाठवा."

यंत्र आलं. मथुराबाईंनी दार लावून घेतलं, फीत चढवली आणि कळ दाबली.

गाणं ओव्यांचं होतं. एक ओळ मथुराबाईंनी म्हणायची, दुसरी इंदूनं. मामेभावानं हौसेनं दोन माईक लावले होते, उजवा मथुराबाईंपुढे, डावा इंदूपुढे. उजव्या स्पीकरमधून मथुराबाईंचा तरणा, ठसक्याचा आवाज आला. त्यांची ओळ संपली. मग डाव्यातून इंदूनं उचलायचं होतं. तिथं काहीच आलं नाही. इंदूची ओळ जेवढी लांब, तेवढी शांतता, आणि पुन्हा मथुराबाई.

त्यांनी स्पीकरच्या वायरी अदलाबदल करून पाहिल्या. शांतता दुसऱ्या स्पीकरमध्ये गेली, म्हणजे यंत्राचाच डावा आवाज गेला होता.

तेलंग फोनवर म्हणाले, "इथे दोन्ही वाजत होते हो. वाटेत आपटलं असणार. त्यातला भाग आता कुठं मिळत नाही, पण तुम्ही म्हणाल तर परत घेतो. रीत आहे ती."

माणूस खोटं बोलत नव्हता, हे मथुराबाईंना पटलं आणि त्याचाच राग आला. "नाही पावलं" एवढंच सांगायचं, म्हणून त्यांनी ओट्यावर फोन लावला. रक्कमच बोलली.

"बाई, येऊ का घरी? मला करमत नाही इथं."

"मलाही नाही. घर खायला उठतं. ऐक, डावा–"

त्या थांबल्या. फीत चालूच होती. त्यांची ओळ संपून शांतता लागली होती, आणि त्या शांततेच्या अगदी तोंडाशी काहीतरी हललं होतं. इंदूची एक खोड होती. ओळ उचलण्याआधी ती ताईकडे तोंड करून दम घ्यायची, "घेऊ?" असं विचारल्यासारखा, आणि मग आपल्या माईककडे वळायची. तेवढा दम उजव्या माईकनं पकडला होता.

मथुराबाईंनी फीत मागे घेतली. पुन्हा लावली. पुन्हा तो दम आला.

"बाई, काय सांगू आजींना? निघू की राहू?"

मथुराबाईंनी फोन स्पीकरला टेकवला. "गप ऐक. आणि मला सांग, मलाच ऐकू येतंय का."

ग्वाल्हेरात ओट्यावर बसून रकमेनं ऐकलं. चतुर्वेदी आजींनी नळ बंद केला. तेलंग आलेलेच होते, तेही पायरीवर टेकले.

"येतंय," रक्कम म्हणाली. "इंदूमावशींनी दम घेतलाय. आता गातील असं वाटतंय."

"मग हलू नकोस," मथुराबाई म्हणाल्या. "तेलंगांनाही सांग, थोडं थांबा म्हणावं. तिला गाऊ दे आधी."