नानांची बॅटरी रात्री कोण पितं?

लिहायला बसलो खरा, पण हे मी लिहावं का, हा प्रश्न मनातून जात नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडिलांवर सही करायची वेळ आली की ते आधी हात धुतात, मग पुसतात, मग पेन मागतात. अशा घरातल्या मुलाने दुसऱ्या माणसाविषयी लिहायचं म्हणजे आगाऊपणाच. चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण जो माणूस रोज सकाळी मोटारीच्या बॉनेटला कान लावून डोळे मिटतो, त्याच्याविषयी कुणीतरी लिहायला हवं, आणि आमच्या आळीत दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

हिराजी नाना आमचे घरमालक. पनवेलच्या कडेला त्यांची भातशेती होती. जमीन गेली, पैसे आले, भावांनी बंगले बांधले. नानांनी भाड्याच्या खोल्या काढल्या आणि एक पांढरी गाडी घेतली. ती आता नानांसारखीच झाली आहे. अंग शाबूत, पण सकाळी उठायचं जिवावर येतं.

बॉनेटला कान लावून झाला की नाना किल्ली फिरवत. गाडी नुसतं ‘टक्’ करे.

“प्याला,” नाना आळीला ऐकू जाईल असं सांगत. “आजपन कोनतरी बॅटरी प्याला.”

मग आम्ही भाडेकरू दात घासता घासता येऊन गाडी ढकलायचो. ती सुरू झाली की नाना जरा वेळ इंजिन चालू ठेवत, गाडी परत मागे घेत आणि बंद करत. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘टक्’.

पिणारा कोण, याचा नानांनी कसून तपास चालवला होता. आधी संशय समोरच्या मोबाईल टॉवरवर होता. म्हणून गाडीचं तोंड फिरवलं. मग धाकट्या भावाच्या इन्व्हर्टरवर. “त्याच्याकडं लाईट गेली तरी पंखा चालतो. करंट काय आभाळातून येतो?” मग बॅटरीला गारवा लागतो असं ठरलं आणि पनवेलच्या उकाड्यात बॉनेटवर गोधडी आली. बॅटरीच्या खिळ्याला लिंबू-मिरची बांधून झाली. हायवेवरच्या मेस्त्रीने नवी बॅटरी बसवून दिली. तीही उतरली, तेव्हा मेस्त्री म्हणाला, “नाना, गाडी इका.”

“इकीन,” नाना म्हणाले, “एक काम झाला का इकीन.”

ते काम काय, हे आळीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. नानांची एकुलती एक मुलगी सुरेखा. तिने करंजा बंदरातल्या, मासेमारीच्या बोटीवर काम करणाऱ्या एका मुलाशी देवळात जाऊन लग्न केलं, कुणाला न विचारता. भावकी जमली. चार भाऊ बघत होते, तेव्हा नाना उभे राहून म्हणाले, “मला लेक नाय. मेली ती.” त्यानंतर त्या घरात तिचं नाव निघालं नाही. नानांची बायको असती तर निघालं असतं कदाचित, पण ती आधीच गेली होती. आता सुरेखाचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. करंजाहून कधीतरी बोलावणं येईल, आणि येईल तेव्हा गाडी पहिल्या किल्लीला सुरू व्हायला हवी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

“रिक्षानं जा की नाना,” मी एकदा म्हणालो.

“लेक आनायची ती रिक्षात?” त्यांनी बॉनेटवरची गोधडी सारखी केली. “काय रं कॉलेज, तुज्या पुस्तकात बॅटरीचा काय लिहिलाय का?”

मला ते ‘कॉलेज’ म्हणूनच हाक मारतात. मी फिजिक्स शिकतो, म्हणजे मला गाडीतलं कळतं असा त्यांचा समज. मला तो खोटा ठरवायचा धीर झाला नाही. मी मित्राचा मीटर मागून आणला आणि एका रविवारी भीतभीत बॅटरीला जोडला. किल्ली काढलेली, दिवे बंद, दारं बंद. तरी करंट वाहत होता. मी एकेक फ्यूज काढत गेलो. सगळे काढून झाले, तरी मीटरचा काटा खाली येईना.

“बग, म्हनलो नव्हतो?” नाना खूश झाले. “कोनतरी पितोच हाय.”

मग मला बॅटरीच्या खिळ्याला लिंबामागे अडकवलेली एक बारीक लाल वायर दिसली. ती फ्यूजकडे जातच नव्हती. गालिच्याखालून, सीटखालून मागे डिकीत गेली होती.

“डिकीचा लॉक खराब हाय,” नाना घाईने म्हणाले.

लॉक खराब नव्हता. डिकीत एका टोपलीत एकवीरा आईची तसबीर होती, ताजं जास्वंदाचं फूल होतं, आणि मागच्या लाईटचा लाल बल्ब जळत होता.

“नाना, हा बल्ब दिवसरात्र चालू असतो?”

“अखंड दिवा हाय तो. तिची सुटका होईपर्यंत विझवायचा नाय. बोललोय मी आईला.”

“मग हाच तर बॅटरी पितोय.”

नानांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझ्या शिक्षणाचीच त्यांना कीव आली असावी. “देवी कशी पील? ती देनारी हाय, कॉलेज. घेनारी नाय.”

घरात समई लावू, वायर काढू, असं मी सुचवलं. ते टोपलीवरचं फडकं नीट करत राहिले.

“घरात लावला तर भाऊ इचारतील, कोनासाठी?” मग जास्वंदाचं फूल सरळ करत म्हणाले, “आन विझवला न तिला काय झाला तर?”

 दिवा राहिला तर गाडी निघणार नाही, गाडी निघायची तर दिवा जाणार. वर ते गाडी कुठे नेतही नव्हते. “मी भायेर गेलो न तेवढ्यात बोलावनं आलं तर?” त्यामुळे बॅटरी भरायचीही कधी नाही. शेवटी मी भंगारवाल्याकडून स्कूटरच्या दोन जुन्या बॅटऱ्या आणल्या. एक दिव्याला जोडायची, दुसरी माझ्या खोलीत चार्जिंगला. गाडीचीही बॅटरी एकदा पूर्ण भरून घेतली. जोडताना दिवा क्षणभरही जाऊ नये म्हणून नाना स्वतः दोन्ही वायरी धरून बसले, श्वास रोखून.

दुसऱ्या सकाळी नानांनी कान लावला, किल्ली फिरवली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. ढकलायला आलेले आम्ही तोंडात ब्रश घेऊन तसेच उभे राहिलो. नाना हसले नाहीत. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ते रस्त्याकडे बघत बसले.

तेवढ्यात करंजाची हौसाबाई मासळीची पाटी घेऊन आळीत शिरली. ती आमच्याकडे नेहमी येते. पाटी उतरवून तिने चालू गाडीकडे पाहिलं.

“काय नाना, कुठं निगालाव?”

“कुठं नाय. चालू करून ठेवलीय.”

“तुमाला कळला नाय वाटतं.” तिने पाटीवरचं फडकं मागे घेतलं, पुन्हा ओढलं. “पोरगी झाली सुरेखाला. दोगी बऱ्या हायेत. काल घरी गेली.”

नानांनी इंजिन बंद केलं.

“फोन कोनी केला नाय.”

“तुमीच बोललाव ना चौघांत, लेक मेली म्हनून. मेलेली मानसं फोन करतात का?” मग तिचाही आवाज उतरला. “शेवटाला जरा अडली होती. करंजात नाय होनार म्हनले, म्हनून हतं आनली.”

“हतं कुठं?”

“पनवेलात. यष्टी स्टँडच्या मागं, दवाखान्यात. आठवडाभर होती की,” हौसाबाई म्हणाली. “चालत गेलाव असता तरी भेटली असती.”