खोकणारं रान

शिकारी मंडळाच्या अध्यक्ष कोलोंबबाईंनी हॉलवर बोलावून घेतलं आणि बसायला खुर्ची दिली, तेव्हाच ओविद थेरियो सावध झाला. बाई चांगली बातमी उभ्या उभ्या सांगायच्या. खुर्ची दिली की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

"ओविद, तुझ्या वर्गाला किती वर्षं झाली रे?"

"अकरा! दर मंगळवारी, सात ते नऊ. दोनशे चौदा विद्यार्थी तयार केले मी," ओविदने छाती पुढे काढली.

"आणि शेवटचा मूस कधी आणलास?"

छाती मुकाट्याने मागे गेली.

वर्ग होता मूसला, म्हणजे उत्तरेच्या थंड रानातल्या अजस्र हरणाला, हाक मारायचा. शरद ऋतूत मूसचा नर, एरवी कितीही शहाणा असो, प्रेमात पडून पार खुळा होतो. बर्च झाडाच्या सालीच्या कर्ण्यातून मादीचा हंबरडा फोडला की तो घोड्याहून उंच प्राणी झाडंझुडपं मोडत थेट बंदुकीसमोर येऊन उभा राहतो. निदान ओविद तरी असं अकरा वर्षं शिकवत होता.

"तीन वर्षं तुझं शिकार-नाक्यावरच्या नोंदवहीत नाव नाही," बाई म्हणाल्या. "लोक विचारतात मला, याच्या हाकेला कुत्रं येत नाही, हा आम्हाला काय शिकवणार? या हंगामात हाक मारून मूस आण, वर्ग तुझा. नाहीतर जानेवारीपासून मंगळवारी इथे लाइन-डान्सचा वर्ग. रांगेत नाचणाऱ्या त्या बाया केव्हाच्या मागे लागल्यात."

ओविदच्या तोंडचं पाणी पळालं. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातले सहा दिवस त्याचं कुणी ऐकून घेत नसे. मंगळवारी मात्र दोन तास वीस-वीस माणसं वहीत उतरवून घ्यायची. तो मंगळवार गेला तर उरलं काय? जेवणं आणि झोपणं!

त्यात त्याचा नेहमीचा जोडीदार यंदा दुसऱ्याच टोळीबरोबर गेला होता, आणि कायद्याने एका मूसला दोन परवाने लागतात. शेवटी बायको तयार झाली. ल्युसिएन दरवर्षी परवाना काढायची तो केवळ कागद हाताशी असावा म्हणून. लहानपणी बापाबरोबर शिकार केलेली बाई, पण लग्नानंतर रानात नवऱ्याचं व्याख्यान ऐकण्यापेक्षा तिला घर बरं वाटे. आता वाटाण्याच्या सूपचं मोठं भांडं आणि शब्दकोड्यांचं पुस्तक घेऊन ती गाडीत बसली.

पहिल्या सकाळी तळ्याकाठी दोघं नारिंगी जाकिटं घालून बसली. ओविदने कर्णा तोंडाला लावला आणि असा काही हंबरडा फोडला की ल्युसिएनच्या हातातली पेन्सिल पडली. मिनिटभराने तळ्यापलीकडून हुबेहूब तसाच हंबरडा आला.

"मादी!" ओविद कुजबुजला. "चार वर्षांची. अंगाने भरलेली."

"अंगसुद्धा कळलं?"

"आवाजातच असतं सगळं. मादी आहे तिथे नर असणारच. बघच तू!"

त्याने पुन्हा हाक दिली. उत्तरेच्या टेकडीवरून दुसरी मादी बोलली. मग ओढ्याकडून तिसरी. दहा वाजेपर्यंत माद्यांची संख्या नऊ झाली आणि ओविद आनंदाने नाचायचाच बाकी राहिला. इतकं भरलेलं रान त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. नर मात्र औषधालासुद्धा नव्हता.

तिसऱ्या दिवशी तो आला. तळ्याच्या टोकाशी, भर उन्हात, दोन पंख्यांएवढी शिंगं घेऊन. अंतर जरा जास्त होतं. "आता त्याला जवळ बोलावतो," म्हणून ओविदने हाक मारली. नराने कान उभे केले, दोन पावलं पुढेही टाकली. मग एकदम दचकला, वळला आणि असा सुसाट पळाला की पाण्याचे फवारे उडाले.

"वारा फिरला," ओविदने निदान केलं.

"वारा कुठला? तू खोकलास म्हणून पळाला तो," ल्युसिएन म्हणाली.

"मी? मी कधी खोकलो?"

"हाकेच्या मधोमध. नेहमीच खोकतोस."

"उगाच काहीतरी बोलू नकोस हं! अकरा वर्षं शिकवतोय मी."

"बरं. मग गप्प बसून ऐक आता."

तळ्यापलीकडची मादी हंबरली. आऽऽऽ, मग बारीकसं 'खुक्', मग पुन्हा आऽऽऽ. टेकडीवरची हंबरली. आऽऽऽ, खुक्, आऽऽऽ. ओढ्याकडचीलाही तोच रोग होता. ओविदच्या हातातला कर्णा हळूहळू खाली आला.

"सुरुवातीला वर्गासाठी ती सरावाची डिस्क तू रेकॉर्ड केलीस ना, त्या दिवशी तुला सणसणीत सर्दी होती," ल्युसिएन म्हणाली. "मी म्हटलं होतं, दोन दिवस थांब. पण तू ऐकशील तर शपथ! आणि वर प्रत्येकाला बजावलंस, जसं ऐकाल तसंच्या तसं काढा. काढतायत बिचारे. तूही दर मंगळवारी तीच ऐकतोस, तुलाही तेच वळण लागलं."

"म्हणजे या सगळ्या माद्या..."

"तुझे विद्यार्थी. ती अंगाने भरलेली म्हणजे बहुतेक बेकरीवाला ओरेल्यां असणार."

ओविदला आधी, खरं सांगायचं तर, अभिमान वाटला. काय तयारी पोरांची! एकाचीही मात्रा चुकली नव्हती. मग मात्र त्याला दरदरून घाम फुटला. अकरा वर्षं या रानात 'खुक्' ऐकू आलं की मागोमाग गोळी येत होती. जे नर फसले ते लोकांच्या फ्रीझरमध्ये गेले आणि जे शहाणे ते तेवढे उरले. खोकणाऱ्या मादीच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही, हे ओविदने गावाला नाही, मूसलाच शिकवलं होतं.

"आता काय करायचं गं?" त्याने हातपाय गाळले.

"काही नाही. गप्प बसायचं."

"किती वेळ?"

"हे विचारलंस ना, इथूनच चुकायला लागतं."

ओविद गप्प बसला. एकेक तास त्याला एकेका वर्षाचा वाटला. दर दहा मिनिटांनी त्याला काहीतरी समजावून सांगायची उबळ यायची आणि ल्युसिएन पेन्सिल वर करायची. गप्प बसण्याच्या तिसऱ्या आणि हंगामाच्या शेवटच्या दिवशी, पावसात, सगळं रान खोकून खोकून दमलेलं असताना, चाळीस पावलांवर फांद्या हलल्या. ज्या एकाच काठावरून कुणी हाक मारत नव्हतं, तोच काठ निवडून नर पाणी प्यायला आला होता.

आणि नेमका त्याच क्षणी ओविदला खोकला आला. हा खराखुरा होता, पावसात भिजून झालेला. त्याने टोपी तोंडात कोंबली आणि ती दोन्ही हातांनी दाबून धरली. डोळ्यांतून पाणी, चेहरा बीटासारखा, बंदूक मांडीवर, आणि धरायला तिसरा हात देवाने दिलेला नाही! ल्युसिएनने शब्दकोडं खाली ठेवलं, त्याच्या मांडीवरची बंदूक उचलली आणि एका गोळीत काम संपवलं.

संध्याकाळी नोंदणीच्या नाक्यावर ही गर्दी! गावातल्या बाकी कुणालाच यंदा काही मिळालं नव्हतं. मूसवर दोघांचे परवाने चढले. कोलोंबबाई पुढे आल्या.

"गोळी ल्युसिएनची, हे वहीत लिहिलंय. पण हाक कुणाची होती?"

सगळे ओविदकडे बघू लागले. "माझी," एवढाच एक शब्द, की मंगळवार वाचत होता. ल्युसिएन मुद्दाम दुसरीकडे बघत होती. तो जे सांगेल ते ती चालवून घेणार होती, हे त्याला कळलं आणि त्यामुळेच त्याला खोटं बोलवेना.

"कुणाचीच नाही," तो म्हणाला. "तीन दिवस आम्ही नुसते गप्प बसलो होतो."

गर्दीने एकमेकांकडे पाहिलं. मग बेकरीवाला ओरेल्यां खदाखदा हसला.

"ओविद आणि तीन दिवस गप्प? अरे, खोटं बोलायचं तर जरा पटेलसं तरी बोल!"

"नवी हाक सापडलीय याला," दुसरा म्हणाला. "लपवतोय लेकाचा!"

"आम्हाला शिकवायला हवी, मास्तर! नुसतं तुमच्या पोटात ठेवून कसं चालेल?"

ओविद शपथा घेत राहिला. तो जितका नाकारी, तितकं रहस्य मोठं होत गेलं. आठवडाभरात वर्गासाठी एकसष्ट नावं आली. लाइन-डान्सच्या बायकांना कोलोंबबाईंनी गुरुवार दिला.

"खरं तेच सांग त्यांना," वर्गाला निघताना ल्युसिएन म्हणाली. "करूनच दाखव. त्याशिवाय पटायचं नाही."

त्या मंगळवारी ओविद एकसष्ट जणांसमोर उभा राहिला, हात मागे बांधले आणि गप्प झाला. एक मिनिट गेलं. दोन गेली. ल्युसिएन मागच्या रांगेत बसून नवऱ्याकडे बघत होती आणि लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर तिला तो एकदम देखणा वाटला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून ओरेल्यांने वही-पेन्सिल सावरत हात वर केला.

"मास्तर, हे जे गप्प बसणं आहे, ते पोटातून करायचं की घशातून?"

ओविदने ओठ घट्ट मिटले. पुन्हा मिटले. एकसष्ट पेन्सिली त्याच्याकडे टोक करून थांबल्या होत्या.

"फार छान प्रश्न!" तो म्हणाला, आणि साडेनऊपर्यंत बोलत राहिला.