टोपली एक वीत आत

मला प्रयोगातला उंदीर केलं हो या माणसानं! हे आधी सांगते, बाकीचं मग. साठी ओलांडलेली बाई मी, बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं घडवलेली, आणि शेजारच्या बिरादार सरांनी मला फुलांची टोपली दाखवून दाखवून चालायला शिकवलं. सात महिने हे चाललं आणि मला पत्ता नाही.

सर मूळचे देगलूरचे. सगळी नोकरी नांदेडच्या अध्यापक विद्यालयात मानसशास्त्र शिकवण्यात गेली. त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, माहेर लातूरचं, म्हणून घर इथं आमच्या गल्लीत बांधलं. डोक्यात विषय एकच. माणूस असो की जनावर, मनासारखं वागलं की लगेच काहीतरी हातात पडलं पाहिजे, म्हणजे ते पुन्हा तसंच वागतं. याला ते प्रबलन म्हणतात. डी.एड.ला आम्हीही हे घोकलं, परीक्षा दिली आणि विसरून गेलो. सर काही विसरले नाहीत. अमका असा का वागला असेल, असं त्यांच्यापुढे म्हणायची सोय नाही. लगेच ठरलेलं उत्तर येतं, "मनातलं दिसत न्हाई बाई. वर्तन दिसतं. तेवढंच बोला."

आमचा दूधवाला त्यांचं फाटक सताड उघडं टाकून जायचा आणि शेळ्या आत शिरायच्या. सर एका शब्दानं बोलले नाहीत. ज्या दिवशी कडी लावली त्या दिवशी लिमलेटची गोळी दिली. पुढं दोन दिवसाआड, मग कधीतरीच. आता तो गल्लीतल्या प्रत्येक फाटकाला कडी लावतो. आमच्याकडं फाटकच नाही, तर तिथं येऊन घटकाभर घोटाळतो बिचारा.

आमच्या ह्यांचं तेच. रोज सरांच्या दारापुढं स्कूटरचा हॉर्न वाजवायचे. वाजवला की सर पेपरातून मान वर काढायचे नाहीत. चुकून गप गेले की फाटकाशी येऊन "काय म्हणता साहेब, बरंय ना?" म्हणत गप्पा मारायचे. महिनाभरात हॉर्न बंद. हे अजून सांगतात, मी स्वतःच्या विचारानं सोडला म्हणून. मी तेव्हा लई हसले होते ह्यांना.

आता माझं ऐका. सरांच्या अंगणात जास्वंद आणि तगर आहे, बारा महिने फुलणारी. पहाटे कुंपणावरून हात घालायचा, ओंजळभर फुलं तोडायची आणि चालू लागायचं, हा आम्हा बायकांचा वर्षानुवर्षांचा रिवाज. काकू होत्या तेव्हाही तोच. काकू जाऊन दीड वर्ष झालं असेल, तेव्हा एका सकाळी फाटकावर टोपली दिसली. ताजी फुलं तोडून ठेवलेली, ओल्या फडक्याखाली. मला बरं वाटलं. गुडघे दुखतात, टाचा उंचवायला नकोत.

काही दिवसांनी टोपली फाटकाच्या आत गेली, तुळशीपाशी. मग पायरीवर. मग ओट्यावर. एखाद्या दिवशी ती रिकामीच असायची, आणि मी शहाणी दुसऱ्या दिवशी आणखी लवकर जायची! पुढं टोपली दारातल्या स्टुलावर आली, तिथून आत, सरांच्या खुर्चीशेजारच्या टेबलावर. म्हणजे मी रोज सकाळी परक्या घरात शिरून "सर, फुलं नेते" म्हणत होते, आणि सर पेपरामागून "हं" म्हणत होते.

मागच्या आठवड्यात ते चहा ठेवायला आत गेले आणि मी टोपली उचलली. खाली शंभर पानी वही. मी शिक्षिका, वही दिसली की उघडणारच. वर लिहिलं होतं, 'शेजारच्या बाई'. खाली माझी सगळी वाटचाल. फाटक, नऊ दिवस. तुळस, बारा दिवस. पायरीशी थबकल्या, टोपली एक वीत मागे घेतली. टोपली रिकामी, बाई दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं आधी. प्रत्येक ओळीपुढं लाल खूण!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वही टेबलावर आपटली, फुलं तिथंच टाकली आणि घरी आले. ह्यांना सांगितलं तर हे फिदीफिदी हसले. म्हणे फुलं तर मिळाली ना? म्हटलं, तुम्ही बोलूच नका, तुमचा हॉर्न कुणी सोडवला ते मला माहीत आहे. चार दिवस देवांना बिनफुलांचं ठेवलं, पण त्या घराची पायरी चढले नाही.

पाचव्या दिवशी दुपारी मात्र राहवेना. माझ्या नावाचं पान फाडून घ्यायचं ठरवूनच गेले. सर खुर्चीत. वही समोर उघडी, त्यात ताज्या ओळी. पहिला दिवस, आल्या नाहीत. दुसरा दिवस, आल्या नाहीत. लाल खूण कुठंच नव्हती.

मी तोंड सोडलं. मी काय सर्कशीतलं जनावर आहे का, तुमच्या वयाकडं बघून गप बसते म्हणून काहीही कराल का, सगळं बोलून घेतलं. सरांनी ऐकलं आणि वही माझ्याकडं सरकवली.

"शेवटलं पान वाचा."

शेवटच्या पानावर दोनच ओळी होत्या. 'अंतिम वर्तन: बाई रोज सकाळी घरात येतील. हाक मारून उत्तर आले नाही, तर आतल्या खोलीत जाऊन बघतील.'

काकू गेल्या तो दिवस आठवला. काकू न्हाणीघरात पडल्या होत्या, सकाळीच. सर आदल्या दिवशीपासून नांदेडला, जुन्या विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमाला गेलेले. ते संध्याकाळच्या गाडीनं आले तेव्हा कळलं. दुपारपर्यंत जीव होता, असं डॉक्टर म्हणाले. दार नुसतं लोटलेलं होतं.

"सर," मी म्हटलं, "त्या सकाळी मी फुलं नेली होती. कुंपणावरून."

"म्हाईत हाय. तुमची वेळ मला पाठ होती." त्यांनी चष्मा काढला. "तुमचा दोष न्हाई बाई. आत यायची सवय तुम्हाला कुणी लावलीच न्हवती."

शिव्या दिल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं. मी रडत रडतच भांडले. सरळ सांगितलं असतं तर आले नसते का मी? ते म्हणाले, आला असता, चार दिवस. मग पाहुणे येतात, सण येतात, गुडघे दुखतात. माणसाच्या मनाचा भरवसा धरता येत नाही, सवयीचा येतो. मग खाली बघत म्हणाले, "पडायचं भ्या न्हाई वाटत. दिवसभर कुणाला कळणार न्हाई, त्याचं वाटतं."

मनातलं काही या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. टेबलावर टोपली नव्हती. सर म्हणाले, "आज फुलं तोडली न्हाईत. तुम्ही याल असं वाटलं न्हवतं."

"फुलांसाठी आलेच नाही मी," मी म्हटलं, "आणि मनातलं दिसत नाही म्हणू नका. आलेली दिसले ना?"

सर वही उघडून लाल पेन शोधत बसले. टेबलावर बघितलं, पेपराखाली बघितलं, खुर्चीखाली वाकून बघितलं. पेन त्यांच्या खिशालाच होतं. मी सांगितलं नाही, चहा ठेवायला आत गेले.