हरला की तांब्याभर पाणी

साधनानं नवऱ्याच्या ट्रॅक्टरवर जेवणाचा डबा ठेवला, पाण्याची भली मोठी कॅन ठेवली आणि वर एक तांब्याही ठेवला. कापूस विकायला निघालेल्या माणसाला तांब्या कशाला, हे विचारायची प्रफुल्लची हिंमत झाली नाही. कारण त्याला ते चांगलं ठाऊक होतं.

मोबाईलवरच्या बुद्धिबळानं त्याची पुरती झोप उडवली होती. जिंकला तर त्या आनंदात आणखी एक डाव, हरला तर वचपा काढायला आणखी एक. मागच्या महिन्यात रागाच्या भरात त्यानं भिरकावलेला मोबाईल थेट वरणाच्या पातेल्यात पडला, तेव्हा साधनानं त्याच्याकडून वचनच घेतलं. हरला की तांब्याभर पाणी डोक्यावर घ्यायचं, मगच पुढचा डाव. घरी तो मोरीच्या तोंडाशी बसून खेळायचा, त्यामुळे उपाय बिनबोभाट चालला होता.

"आज माप झालंच पायजे," साधना म्हणाली. "उद्यापासून जिनिंग बंद हाये. बोंडअळीनं ठेवला तेवढा तरी इकून या."

"झालं समज," प्रफुल्ल म्हणाला आणि फुलसावंगीहून निघाला.

उमरखेडला कापूस विकत घेणाऱ्या जिनिंग कारखान्यासमोर गाड्यांची रांग लागली होती. खाली मोबाईलला रेंज नव्हती. ट्रॉलीतल्या कापसावर चढून बसलं की मात्र छान येत होती, आणि हेच नडलं. प्रफुल्लनं एकच डाव म्हणून सुरुवात केली. समोर मांजराचं चित्र लावलेला कोणी अनोळखी गडी होता. त्या मांजरानं बघता बघता प्रफुल्लचा वजीर खाल्ला. प्रफुल्लनं इमानदारीत तांब्याभर पाणी डोक्यावर घेतलं आणि पुन्हा त्याच मांजराला डाव मागितला.

मागं पिकअप घेऊन उभ्या असलेल्या फिरोजला हा प्रकार कळेना.

"प्रफुल्लभाऊ, आंघोळ करून राह्यला काय?"

"डोकं थंड करून राह्यलो."

"मंग गाडी पुढं घे ना भाऊ. इथं माह्यं तापून राह्यलं."

रांग सरकत राहिली, मांजर जिंकत राहिलं आणि दुपारपर्यंत कॅन रिकामी झाली. प्रफुल्लचा नंबर आला तेव्हा कापसाची प्रत ठरवणारे जिनिंगचे ग्रेडर लालसिंग राठोड ओलावा मोजायचं मीटर घेऊन ट्रॉलीवर चढले. एवढ्या मोठ्या ट्रॉलीत त्यांनी मीटरची सळई नेमकी तिथंच खुपसली, जिथं प्रफुल्ल बसला होता.

आकडा पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सळई काढून त्यांनी पुन्हा खुपसली.

"पाणी मारलं?"

वजन वाढवायला कापसावर पाणी मारणाऱ्याची गाडी फाटकातूनच परत जायची, आणि त्याचं नाव पुढं वर्षभर चघळलं जायचं. रांगेतली माणसं गोळा झाली. प्रफुल्लनं रिकामा तांब्या पुढं केला.

"मारलं नाई साहेब. डोक्यावर घेतलं."

"कायले?"

"हरलो म्हणून."

नाइलाजानं त्यानं मोबाईल दाखवला. सगळे पराभव तिथं ओळीनं हजर होते. लालसिंगांनी शेवटचा डाव निरखून पाहिला आणि त्यांचा संताप कापसावरून घोड्यावर गेला. कधीकाळी ते कॉलेजात बुद्धिबळ खेळलेले होते.

"हा घोडा काहून हलवला रे? वजीर उघडा पडला ना. सरक, आन इकडं."

प्रफुल्लला धडा द्यायला म्हणून ते कापसावरच मांडी घालून बसले आणि हरले. "नेट अडकलं," म्हणत त्यांनी दुसरा डाव लावला. तोही गेला. मागून हॉर्न वाजू लागले. आपल्या मोबाईलवर, आपल्या नावावर दुसराच माणूस हरतोय, याचा प्रफुल्लला भयंकर राग आला. डोक्यावर घ्यायला पाणीही उरलं नव्हतं. त्यानं वैतागून कापसाची मूठ आवळली, तर ती कोरडी लागली. ऊन कडक होतं आणि वाराही सुटला होता. मग तो गुपचूप ओला कापूस वर-खाली करू लागला.

तिसऱ्या डावात लालसिंग जिंकायला आले. जिंकले की ते पुन्हा कापसात सळई खुपसणार होते. खाली अजून थोडा ओला होता.

"साहेब, तो हत्ती घ्या ना," तो हळूच म्हणाला.

लालसिंगांनी हत्ती घेतला आणि मांजरानं मात दिली. प्रफुल्लची चुकीची चाल जन्मात पहिल्यांदा कामी आली होती.

आणखी एका पराभवानंतर लालसिंगांनी चिडून सळई खुपसली. आकडा बरोबर आला. "जा, घे आत," ते म्हणाले. मोबाईल मात्र त्यांनी परत दिला नाही. एका हातात मीटर आणि दुसऱ्या हातात चालू डाव घेऊन ते फिरोजच्या पिकअपवर चढले आणि कापसाच्या मधोमध बसले. थोड्या वेळानं त्यांनी कपाळावर हात मारला.

"कोणापाशी पाणी हाये काय?"

फिरोजनं आपली कॅन पाठीमागं लपवली.

"हाये साहेब," तो म्हणाला. "पण आधी माह्या कापसावरून खाली उतरा."