शिवी का इन्सल्ट?

आमच्या कसबा बावड्याच्या गल्लीत भांडण पेटलं की शेजारचा दिनकर भरल्या ताटावरून उठून यायचा आणि दोघांच्या मध्ये उभा राहून एकच विचारायचा, “शिवी हाय का इन्सल्ट?”

शिवी असली तर परत जाऊन जेवायला बसायचा. इन्सल्ट असला तर मात्र समोरच्याची खैर नसायची. हा इंग्रजी शब्द त्यानं एसटीत कंडक्टर असताना उचलला आणि अर्थ स्वतःच ठरवला. “अक्का,” तो मला सांगायचा, “आपल्या माणसाला तोंडभरून देतो ती शिवी. परक्याला गोड बोलून पायरी दाखवायची, त्यो इन्सल्ट.” मी चौथीपर्यंत शाळेत गेले, पण इतकं सोपं करून मला कुठल्या मास्तरांनी सांगितलं नाही.

त्याच्या पुतणीच्या साखरपुड्यात नवरदेवाचे मामा हसत म्हणाले, “तुमच्या मानानं जेवण बरं झालं की!”

दिनकरनं ताट बाजूला सारलं. “पावणं, ह्यो इन्सल्ट हाय. पंगतीनं ऐकलंय, पंगतीपुढंच माफी मागा.”

पोरीचा बाप गयावया करायला लागला. सोयरीक मोडते की काय, म्हणून मलाही धडकी भरली. दिनकर जागचा हलला नाही. शेवटी मामांनी उभं राहून हात जोडले. मग त्यांना आग्रह करकरून जिलेबी वाढली ती दिनकरनंच.

अशा माणसाला त्याची बायको हौसा रोज सकाळी कशी उठवायची? “मुडद्या, ऊन डोक्यावर आलं, ऊठ की!” नाक्यावरच्या पानपट्टीपर्यंत ऐकू जायचं. दिनकर खुशीत उठायचा.

हौसा गेली. गल्ली त्याला ‘दिनकरराव, या, बसा’ करू लागली. नळावर दोघींनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या, तरी तो बाहेर आला नाही. मी घरात जाऊन विचारलं, “आजारी हायस काय?”

“न्हाय अक्का. सगळी लई मानानं बोलत्यात. परक्यागत वाटतंय.”

समजूत घालणं मला जमत नाही. चहा पिऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी परड्याच्या भिंतीवरून ओरडले, “मुडद्या, ऊन डोक्यावर आलं, ऊठ की!”

मग खिडकी उघडली. केस विस्कटलेले, डोळे लाल.

“जरा मोठ्यानं, अक्का,” तो म्हणाला. “हौसाची पानपट्टीपर्यंत जायची.”

मी पदर कमरेला खोचला.