किलोवरचं इंटरनेट

अर्धा तास झाला तरी पान उघडलं नव्हतं, म्हणून गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार नव्हतं. हे त्या आठवड्यातलं चौथं भांडण होतं. एकोणीसशे नव्याण्णव साल. सावेडीत भीमराज साळवेनं नुकतंच इंटरनेट केंद्र थाटलं होतं: एक संगणक, फोनची एक लाइन आणि तासाला ऐंशी रुपये दर. लाइन रांगत चालायची, घड्याळ मात्र पळायचं, आणि बोलणी भीमराजला खावी लागायची.

संध्याकाळी त्यानं बायकोपुढं गाऱ्हाणं मांडलं. माधुरी शाळेत गणित शिकवायची. वांगी चिरता चिरता ती म्हणाली, “भाजीवाली कधी तासावर भाजी विकते का? जेवढा माल, तेवढे पैसे घ्यायचे.”

भीमराजला ते पटलं. किती किलोबाइट आले याचा आकडा पडद्यावर दिसायचाच. दुसऱ्या दिवशी त्यानं फळ्यावर खडूनं दर लिहिले. पहिल्या शंभरापर्यंत प्रत्येकी पंचवीस पैसे, पुढं पाचशेपर्यंत पंधरा, त्याच्या वर दहा. जास्त माल उचलणाऱ्याला सवलत, ही त्याची स्वतःची भर. ‘किलोबाइट’ हा शब्द फळ्यावर मावेना, म्हणून त्यानं नुसतं ‘किलो’ लिहिलं. तिथंच घात झाला.

कारण पहिलंच गिऱ्हाईक आले आप्पासाहेब. कोपरगावकडच्या साखर कारखान्याच्या काट्यावर तीस वर्षं उसाच्या गाड्या मोजून ते निवृत्त झाले होते आणि आता सावेडीत मुलाकडं राहत होते. ‘किलो’ वाचल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी आली. साखरेचे भाव असलेलं पान उघडलं, तसं त्यांनी वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

“हे काय नाचतंय?”

“जाहिरात आहे, आप्पासाहेब.”

“मी मागितली हुती?”

“नाही.”

“मग हे पाचट झालं. उसाच्या वजनातून पाचट वजा करत्यात. काप.”

भीमराजनं शंभरामागं पाच किलो कापले. दुपारपर्यंत ही बातमी कॉलनीभर झाली. टेम्पोवाला गोरक्षनाथ आला आणि त्यानं अर्धवट उघडलेल्या पानाला घट मागितली. फुटका माल कोणी पूर्ण भावानं घेत नाही, हे त्याचं म्हणणं खोडता येईना. मग आप्पासाहेबांची नजर तिसऱ्या दरावर गेली. त्यांनी अकरा घरं गोळा करून एकच खातं उघडलं. सगळ्यांचा माल एकत्र धरायचा, म्हणजे सकाळी नऊलाच पाचशेची हद्द ओलांडली जायची आणि दिवसभर अख्खी कॉलनी दहा पैशांत. पोरं चित्रं बंद करून तीन-तीन तास नुसती अक्षरं वाचत बसू लागली. भीमराजचं फोनचं बिल मात्र मिनिटावरच चाललं होतं.

अशात एका दुपारी कोल्हारहून सुमनबाई आल्या. त्यांचा मुलगा सचिन कॅनडात होता. त्याला आठ दिवसांपूर्वी मुलगी झाली होती आणि तिचा फोटो त्यानं भीमराजच्या ई-मेल पत्त्यावर पाठवला होता.

“जयभीम भाऊ. माझी नात आलीय म्हनं तुमच्याकडं.”

भीमराजनं टपाल उघडलं आणि तो जरा घुटमळला. “मावशी, फोटो सहाशे किलोचा आहे.”

सुमनबाईंनी पिशवी खाली ठेवली. “आवो, पोरगी तीन किलोची हाय म्हनला सचिन.”

भीमराजनं दर समजावला. सुमनबाईंनी बटव्यात पाहिलं. एसटीचं परतीचं भाडं बाजूला काढल्यावर फारसं काही उरत नव्हतं. शेजारच्या बाकावर बसलेले आप्पासाहेब खाकरले. “आमच्या खात्यावर घे रे.”

फोटो वरून खाली इंच-इंच उतरू लागला. आधी भिंत आली, मग लोकरीची टोपी, मग कपाळ. तेवढ्यात लाइन तुटली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दुसऱ्या खेपेला मिटलेले डोळे दिसले.

“झोपलीय,” सुमनबाई हळूच म्हणाल्या.

सगळे दबक्या आवाजात बोलू लागले. इतक्यात मागच्या घरात माधुरीनं बहिणीला लावायला फोन उचलला आणि लाइन पुन्हा तुटली. बाहेर येऊन तिनं सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि तीही मागं उभी राहिली. तिसऱ्या खेपेला नाक आलं, ओठ आले, हनुवटीखाली आवळलेली मूठ आली. सुमनबाईंनी पदरानं काच पुसली आणि बघत राहिल्या.

आकडा अकराशेवर गेला होता. भीमराज अपराधी स्वरात म्हणाला, “दोन खेपा वाया गेल्या, त्या वजा करतो.”

“तिन्ही धर,” आप्पासाहेब म्हणाले.

“आणि पाचट?”

“त्यात पाचट कुठंय?”

संध्याकाळी पाचला अकराही घरं दारात हजर. गोरक्षनाथ म्हणाला, “पैसं आमचंबी गेल्यात. आमी बघनार.” भीमराजनं फोटो संगणकात साठवून ठेवला होता, त्यामुळं कितीही वेळा पाहिला तरी किलो पडत नव्हते. लोक पाळीपाळीनं खुर्चीवर बसले. आप्पासाहेबांच्या मंडळी बायडाबाई दोनदा बसल्या आणि नाक आजीचंच आहे, असा निकाल त्यांनी दिला. सुमनबाईंची एसटी केव्हाच गेली होती. माधुरीनं त्यांना मुक्कामाला ठेवून घेतलं आणि शेजारून कप मागवून सगळ्यांना चहा केला. दोन तास दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि गल्ल्यात एक रुपया पडला नव्हता. तरी भीमराजला त्या दिवशी कोणाशी भांडावंसं वाटलं नाही.

लाइन मोकळी असल्यानं तेवढ्यात फोन वाजला. पलीकडं सचिन होता. सुमनबाई कानाला रिसीव्हर घट्ट दाबून बोलल्या आणि खाली ठेवून सगळ्यांकडं वळल्या.

“रविवारी नाव ठेवनार हायेत. बारा फोटो धाडतो म्हनला.”

आप्पासाहेबांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

“भीमराज,” ते म्हणाले, “येवढ्या मालाला तुझा तिसरा दर न्हाई परवडायचा. चौथा पाड.”

भीमराज खडू शोधायला उठला.