परिसराबाहेरचा वाचक

एका पत्राला मी बरेच महिने उत्तर दिलं नव्हतं. ते मी शब्दकोशाखाली ठेवलं होतं, म्हणजे शब्दकोश उचलला की ते दिसावं आणि मला लाज वाटावी. मी शब्दकोश फार वेळा उचलतो.

पत्र एका रंगाऱ्याच्या मुलीचं होतं. तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मी विद्यापीठात शिकवत होतो तेव्हा पाट्यांवरच्या अक्षरांबद्दल एक शोधनिबंध लिहिला होता आणि त्यासाठी या गृहस्थांच्या शिडीखाली पुष्कळ दुपारी काढल्या होत्या. आता पाट्या छापून येतात. त्यांच्या हातच्या पाट्या उतरल्या आणि त्यांची नजरही गेली. मुलीनं लिहिलं होतं, "बाबा सांगतात, तुम्ही त्यांच्याबद्दल छापलंय की भिंत वाकडी असली तरी या माणसाची अक्षरं सरळ उभी राहतात. रोज जेवताना सांगतात. आमचे हे हसतात, मुलं हसतात. खरं सांगायचं तर मलाही खात्री नाही. असं वाक्य आहे की नाही, एवढंच एका ओळीत कळवाल का?"

एक ओळ. पण मला आठवेना. कधी वाटे, लिहिलं आहे. कधी वाटे, लिहायचं नुसतं मनात होतं. मी तळटीप दिल्याशिवाय वाक्य लिहिणारा माणूस नाही. लग्नाला होकार देतानासुद्धा मी 'सकृद्दर्शनी' हा शब्द वापरला होता, असं आमची ही येईल-जाईल त्याला सांगते.

तेव्हा निबंध तपासणं आलं. तो ज्या नियतकालिकात छापून आला, तो अंक माझ्याकडे नव्हता. ग्रंथालयानं मागे आवाहन केलं होतं की जुने अंक द्या, आम्ही ते संगणकावर चढवू, म्हणजे ज्ञान कुणालाही, कुठूनही, केव्हाही मिळेल. मी होते नव्हते ते सगळे अंक दिले. ज्ञान संगणकावर चढलं आणि कागद रद्दीत गेला. आता घरच्या पडद्यावर निबंधाचं नाव दिसत होतं, लेखक म्हणून माझं नाव दिसत होतं आणि खाली सूचना होती: 'आपण परिसराबाहेर आहात. परिसराबाहेरून वाचण्यासाठी आधी नोंदणी आवश्यक. नोंदणी परिसरातच होईल.'

मला हे रास्त वाटलं. मला बहुतेक सूचना रास्त वाटतात.

मी बस पकडून ग्रंथालयात गेलो. काउंटरवरच्या साहाय्यक ग्रंथपाल बाईंनी माझं जुनं कार्ड यंत्रावर टेकवलं, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही परिसराबाहेर आहात."

मी काउंटरवर कोपर टेकून उभा होतो. तसं मी भीतभीत सांगितलं.

"ते मला दिसतंय हो. सिस्टिमला दिसत नाही ना." त्यांनी समजावून सांगितलं की निवृत्त माणसांचा वर्गच 'परिसराबाहेरील वाचक' असा आहे, मग ते कुठेही उभे असोत. आणि परिसराबाहेरील वाचकाला परिसरातल्या संगणकावर बसता येत नाही, कारण तो परिसरात नसतो.

मग घरून वाचायची नोंदणी तरी करा, असं मी म्हटलं. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर आलं: 'हा अर्ज परिसरातून येत आहे. परिसरातील व्यक्तीस परिसराबाहेरील सुविधेची गरज नाही.' मी विचारलं, बाई, तुम्हीच तो निबंध उघडून एक वाक्य बघून सांगता का? त्या ओशाळल्या. कर्मचाऱ्यांना फक्त निबंध आहे एवढं दिसतं, आत काय आहे ते दिसत नाही. मला त्यांची दया आली आणि मीच त्यांची माफी मागून घरी आलो.

घरून मी एक विनंतीअर्ज पाठवला. तिथेच चुकलो, कारण तो कुणीतरी वाचला. माझ्यासारख्या ज्येष्ठांच्या अडचणीवर एक समिती बसली. प्रकाशकांशी झालेल्या करारानुसार परिसराबाहेर काहीही देता येत नव्हतं. वाचकाला परिसरात आणणं वयोमानानुसार योग्य नव्हतं. तेव्हा समितीनं एकमतानं ठरवलं की परिसरच वाचकाकडे न्यावा. पुढच्याच आठवड्यात माझी लिहिण्या-वाचण्याची खोली 'विस्तारित परिसर' म्हणून जाहीर झाली.

एक तंत्रज्ञ आला. त्यानं भिंतीवर एक लुकलुकणारी पेटी बसवली आणि उंबऱ्यावर पिवळा पट्टा मारला. नुकतीच फरशी पुसून उभ्या असलेल्या बायकोनं विचारलं, हे काय? तो म्हणाला, "काकू, या पट्ट्याच्या आत विद्यापीठ. बाहेर तुमचं घर."

"आणि केर कुणी काढायचा?"

"आतला आमचा माणूस काढेल. टेंडर निघालंय."

मी खुर्चीत बसून संगणक उघडला. 'परिसरात आपले स्वागत आहे,' असं आलं. माझा ऊर भरून आला. निबंधावर बोट ठेवलं, तर आलं: 'आपला वर्ग परिसराबाहेरील वाचक असल्याने परिसरातून प्रवेश नाही.' मी फोन केला. बाई म्हणाल्या, जागा बदलली आहे, वर्ग बदलायचा राहिलाय, अर्ज पुढे गेलाय, धीर धरा.

दरम्यान परिसर म्हटलं की परिसराचे नियम आले. खोलीत चहा बंद झाला. विद्यापीठाला सुट्टी असेल त्या दिवशी खोलीला सुट्टी असे आणि माझा चष्मा आत अडकून पडे. माझ्या पुस्तकांची तपासणी झाली, त्यांवर शिक्के नाहीत असं आढळलं, म्हणून ते मारण्यात आले. आता मला माझी पुस्तकं एका वेळी दोन मिळू लागली. कपड्यांचं कपाट त्याच खोलीत असल्यानं सदरे बाहेर न्यायला परवाना लागू लागला. तो सदऱ्यावर टाचून ठेवावा लागे. शेजारच्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरमुळे 'परिसराच्या हद्दीलगत ध्वनिप्रदूषण' होत असल्याची नोटीस बायकोच्या नावानं आली. तिनं ती फ्रिजच्या दारावर चिकटवली आणि मिक्सर दिवसातून दोनदा जास्त लावायला सुरुवात केली.

"तुम्ही त्यांना एकदा खडसावून विचारत का नाही?" ती म्हणायची. मी म्हणायचो, अगं, माणसं चांगली आहेत, आपल्यासाठीच करताहेत. हे खरंच होतं. मला आजवर एकही वाईट माणूस भेटला नव्हता, म्हणून तर कुणावर रागावताही येत नव्हतं.

अखेर वर्ग बदलण्याचा अर्ज मालमत्ता विभागात पोचला. तो तिथे का पोचला, हे विचारण्याचं धैर्य मला झालं नाही. त्या विभागाला मात्र माझ्या अर्जातून एक गंभीर बाब दिसली. एक निवृत्त प्राध्यापक विद्यापीठाच्या जागेत राहत होता. निवृत्तीनंतर जागा सोडण्याचा नियम होता. मला रीतसर मुदत मिळाली, रीतसर स्मरणपत्र मिळालं आणि एका सकाळी दोन माणसांनी येऊन माझ्या खोलीला कुलूप लावलं. जाताना त्यांनी माझ्याकडून पाण्याचा ग्लास घेतला आणि खाली वाकून नमस्कार केला. दोघंही माझे विद्यार्थी निघाले.

एक वैयक्तिक वस्तू बाहेर नेण्याची मुभा होती. शिक्का नसलेली एकच वस्तू आत उरली होती, शब्दकोशाखालचं पत्र. ते घेऊन मी दिवाणखान्यातल्या सोफ्यावर बसलो आणि फोनवर निबंध उघडायला गेलो. 'आपण परिसराबाहेर आहात. नोंदणीसाठी परिसरात यावे. आपल्यापासून सर्वांत जवळचा परिसर: भिंतीपलीकडे.'

त्याच दुपारी रंगाऱ्याच्या मुलीचं दुसरं पत्र आलं. "सर, त्रास घेऊ नका. बाबांनी आता ते वाक्य सांगणं सोडलंय. परवा जेवताना मुलानं मुद्दाम विचारलं, तर म्हणाले, माझ्याच डोक्यातलं असेल रे. तब्येत बरी आहे. नुसते बसून असतात."

मी ते दोनदा वाचलं. बायकोनं माझ्या हातातून घेऊन एकदा वाचलं आणि विचारलं, "तुम्ही लिहिलं होतं का असं?"

"आठवत नाही. म्हणूनच तर तपासायचं होतं."

"बरं, मग अक्षरं सरळ होती का त्यांची?"

मला ते औषधांचं दुकान आठवलं. त्याची भिंत इतकी कलली होती की पाटीचा फोटो घेताना मी स्वतः वाकडा उभा राहिलो आणि फोटोत भिंत सरळ आली, अक्षरं तिरपी. शिडीवरून रंगारी ओरडले होते, "मास्तर, भिंतीच्या नादी लागू नका, माझ्याकडे बघा."

"होती," मी म्हणालो. "फार सरळ."

"मग महिनोनमहिने तुम्ही नेमकं काय शोधताय?"

मी उत्तर देणार होतो, पण तिनं मिक्सर लावला.

मी स्वयंपाकघराच्या टेबलावर कोरा कागद घेऊन बसलो. आयुष्यात पहिल्यांदा कुठलाही संदर्भ उघडला नाही. लिहिलं, "तुमच्या वडिलांना सांगा, ते वाक्य आहे. शब्दही त्यांना आठवतात तेच. पृष्ठ एकोणचाळीस, दुसरा परिच्छेद, वरून तिसरी ओळ. औषधांच्या दुकानाच्या संदर्भात. उत्तराला उशीर झाला, कारण ग्रंथालयात खात्री करून घेत होतो. हे पत्र जेवताना मोठ्यानं वाचावं, ही विनंती." खाली पूर्ण नाव लिहिलं, पदवी लिहिली, आणि सवयीनं एक तळटीपही दिली.

मग जाऊन पत्र टपालपेटीत टाकलं. ते आत पडल्याचा आवाज येईपर्यंत थांबलो.

आता तुमच्यापैकी काहींना त्या पृष्ठ एकोणचाळीसबद्दल शंका आली असेल. येणारच, तुम्ही वाचणारी माणसं आहात. त्यांनी मूळ निबंध अवश्य तपासावा. तो कुणालाही, कुठूनही, केव्हाही वाचता येतो.